नेपल्सच्या काचेआड भोकरदन: इटलीला निघालेल्या शिक्षिकेला सविस्तर उत्तर

जालन्याच्या एका निवृत्त शिक्षिकेनं विचारलंय: "मुलानं ऑक्टोबरमध्ये आम्हा दोघांना इटलीला पाठवायचं ठरवलंय. कंपनीच्या कागदावर नऊ दिवसांत मिलान, व्हेनिस, पिसा, फ्लॉरेन्स आणि रोम आहे. मी तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. नुसते फोटो काढून परत यायचं नाही. तिथलं जुनं नीट बघायचंय आणि तिथली माणसंही थोडी कळावीत असं वाटतं. यांचे गुडघे दुखतात, आम्ही शाकाहारी आहोत, इंग्रजी जेमतेम आहे. कसं करावं?"

ताई, पैसे अजून भरले नसतील तर तो कागद आधी बाजूला ठेवा. नऊ दिवसांत पाच शहरं म्हटलं की निम्मा वेळ बसमध्ये आणि बॅगा भरण्यात जातो. मी सव्वीस वर्षं वेरूळ-अजिंठ्याला गाइडचं काम करतोय आणि गेली बारा वर्षं मराठवाड्यातल्या आठ-दहा जणांचे गट घेऊन परदेशी जातो. पहिल्यांदा इटलीला गट नेला तेव्हा मीही असाच कार्यक्रम आखला होता. परतीच्या विमानात परभणीच्या एका मावशींनी मला विचारलं, "दादा, ते छताला भोक असलेलं देऊळ रोमला होतं का त्या दुसऱ्या गावाला?" मावशींनी त्या प्रवासासाठी चार वर्षं पैसे साठवले होते. देऊळ त्यांच्या ध्यानात राहिलं होतं, गाव नव्हतं, आणि चूक त्यांची नव्हती. मी त्यांना तिथं वीस मिनिटं दिली होती. तेव्हापासून एका प्रवासात मी दोनच मुक्काम ठेवतो.

तुमच्यासाठी ते दोन मुक्काम रोम आणि नेपल्स. चार रात्री इथं, चार रात्री तिथं. मधलं अंतर वेगवान रेल्वेनं सव्वा तासाचं आहे. रोमहून एक दिवस फ्लॉरेन्सला जाऊन संध्याकाळी परत येता येतं, दीड तास लागतो. मिलान आणि पिसा खुशाल सोडा. व्हेनिस सोडताना मला वाईट वाटतं, पण ते शहर रात्री गर्दी ओसरल्यावर कळतं, आणि दुपारी येऊन संध्याकाळी निघणाऱ्या गटाच्या वाट्याला ते येत नाही.

रोमला जा असं कुणीही सांगेल. नेपल्स का, ते मात्र सांगायला हवं, कारण ते तुमच्या जिल्ह्याशी जोडलेलं आहे.

इ.स. ७९ मध्ये नेपल्सजवळचा व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला आणि पोम्पेई हे गाव राखेखाली गाडलं गेलं. १९३८ मध्ये तिथल्या एका घराच्या उत्खननात हस्तिदंताची एक छोटी मूर्ती मिळाली. उंची वीतभर, साधारण २४ सेंटिमीटर. अंगावर दागिने, हातात कोपरापर्यंत बांगड्या, पायात तोडे, दोन्ही बाजूंना दोन लहान दासी. मूर्ती उघडउघड भारतीय होती. आधी लोकांनी तिला लक्ष्मी म्हटलं, आता बरेच अभ्यासक यक्षी म्हणतात. डोक्यातून खाली भोक पाडलेलं आहे, त्यावरून ती आरशाची मूठ असावी किंवा एखाद्या चौरंगासारख्या वस्तूचा पाय असावा असे तर्क आहेत. ज्या घरात ती सापडली त्याला आजही 'भारतीय मूर्तीचं घर' म्हणतात.

आता हे बघा. आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला आणि तुमच्या जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला अशाच घडणीच्या हस्तिदंती मूर्ती मिळाल्या आहेत. भोकरदनला १९७३ मध्ये नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी उत्खनन केलं होतं. पोम्पेईच्या मूर्तीवर खरोष्ठी अक्षर आहे, ती लिपी वायव्येकडची, म्हणून मूर्ती नेमकी कुठल्या कारागिराच्या हातची यावर वाद आहे. पण ती दख्खनची, भोकरदनच्या बाजूची असावी असं मानणारे अभ्यासक बरेच आहेत. भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांच्या लेखांत या गावाचं नाव येतं. आणि पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्यानं समुद्री व्यापाराची माहिती लिहून ठेवलीय, तिच्यात पैठण आणि तगर, म्हणजे तेर, ही दोन्ही गावं आहेत. भडोचच्या बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. पैठणहून गाड्या भरून मौल्यवान दगड जायचे, तगरहून कापड. रस्ता नसलेल्या मुलखातून बैलगाड्या भडोचला, तिथून गलबतं तांबड्या समुद्राकडं, पुढं मिसर आणि मग रोमच्या बाजारात.

२०१८ च्या गटात माझ्याबरोबर भोकरदन तालुक्यातले एक शेतकरी होते, वय साठीचं. मुलीनं तिकीट काढून दिलं म्हणून आलेले. चार दिवस ते फारसे बोलले नव्हते. नेपल्सच्या संग्रहालयात या मूर्तीच्या काचेपुढं उभे राहिले ते तिथून हलेचनात. म्हणाले, "सर, ह्या पायातले तोडे बघा. माझ्या आजीच्या पायात असेच व्हते." तिथला पहारेकरी जवळ आला. मला येणाऱ्या मोडक्या इटालियनमध्ये मी सांगितलं की ही मूर्ती यांच्या गावाकडची असावी असं मानतात. त्यानं पलीकडच्या दालनातल्या सहकाऱ्याला हाक मारून बोलावलं, आमच्या शेतकऱ्याकडं बोट दाखवून काहीतरी सांगितलं, आणि दोघांनी त्यांचा हात हातात घेतला. पुढच्या सगळ्या प्रवासात ते गृहस्थ प्रत्येक ठिकाणी मला विचारत होते की हा दगड कुठला, हे कुणी घडवलं, पाणी कुठून आणलं. एक धागा हाताला लागला की माणूस बघायला लागतो. तो धागा बाहेरदेशात शोधायचा नसतो, घरून घेऊन जायचा असतो.

म्हणून निघायच्या आधी दोन दिवस काढा. एक दिवस भोकरदनला, तुम्हाला ते जवळच आहे. केळणेच्या काठाचं लेणं बघा आणि गावाच्या जुन्या पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर, उभ्या राहा. दुसरा दिवस तेरला. तिथं रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहाचं वस्तुसंग्रहालय आहे. त्या माणसानं आयुष्यभर तेरच्या मातीतून वर येणाऱ्या वस्तू गोळा केल्या. मणी, मृण्मूर्ती, खापरं, रोमशी असलेल्या व्यापाराच्या खुणा. गोरोबाकाकांच्या देवळाला तर तुम्ही जालच. पण त्रिविक्रमाच्या देवळापुढं जरा थांबा. विटांचं आहे, मागची बाजू गोलाकार आहे, म्हणजे चैत्याचा आकार. मुळात तो बौद्ध चैत्य असावा आणि पुढं विष्णूचं देऊळ झालं असं मानतात. एका वास्तूत दोन धर्मांचा काळ कसा राहतो हे तेरला डोळ्यांनी बघितलं असेल तर रोमला तुम्हाला कुणी समजावून सांगायची गरज पडणार नाही.

रोममध्ये ते बघायची जागा म्हणजे सान क्लेमेंतेचं चर्च, कोलोसियमपासून चालत दहा मिनिटं. वर बाराव्या शतकातलं चर्च. जिना उतरून खाली गेलात की चौथ्या शतकातलं चर्च. आणखी खाली उतरलात की पहिल्या शतकातली रोमन बांधकामं आणि मिथ्र देवाचं ठाणं. तळाशी कुठंतरी वाहत्या पाण्याचा आवाज येतो. मधल्या मजल्यावर अकराव्या शतकाच्या अखेरचं एक भित्तिचित्र आहे. त्यात मालक आपल्या नोकरांना खांब ओढायला लावतोय, त्याला वाटतंय आपण संताला बांधून नेतोय. त्याच्या तोंडचे शब्द लॅटिनऐवजी लोकांच्या बोलीत लिहिलेत, आणि त्यात सरळ शिवी आहे. इटालियन बोलीच्या अगदी जुन्या लेखांपैकी तो एक. तुम्ही वर्गात गद्धेगाळ, म्हणजे दान मोडणाऱ्याला शिवीसारखा शाप कोरलेला दगड, शिकवला असेल. आपल्या शिलालेखांत लोकभाषा शापवाणीत सापडते, तिकडं देवळाच्या भिंतीवर शिवीत. मला तो लेख बघताना दर वेळी आपले यादव-शिलाहारांच्या काळातले दगड आठवतात. तुमच्या यजमानांना, म्हणजे सरांना, जिने जड जातील, त्यांनी वरच्या चर्चमध्ये बसून मोझेक बघावा, तो एकटाच अर्धा तास पुरतो. दुपारी हे चर्च बंद असतं, सकाळी लवकर जा.

आता ते छताला भोक असलेलं देऊळ. पँथिऑन. सम्राट हेड्रियनच्या काळात, इ.स. १२५ च्या सुमारास पूर्ण झालं. घुमटाचा व्यास ४३.३ मीटर आणि जमिनीपासून उंचीही तेवढीच, म्हणजे आत एक पूर्ण गोळा मावेल. लोखंड न घालता बांधलेला एवढा मोठा काँक्रीटचा घुमट आजवर दुसरा झालेला नाही. खालच्या थरांत जड दगडाची खडी, वर जाताना विटांचे तुकडे, आणि अगदी वर पाण्यावर तरंगणारा हलका ज्वालामुखी दगड. वरच्या भोकातून पाऊस सरळ आत पडतो आणि फरशीतल्या बारीक छिद्रांतून निघून जातो. या काँक्रीटमध्ये चुन्याबरोबर ज्वालामुखीची राख असे. तिचं नाव पोझ्झोलाना, नेपल्सशेजारच्या पोझ्झुओली गावावरून. म्हणजे रोमची ताकद ज्वालामुखीच्या राखेत, आणि आपला कैलास उभा आहे तो काळा दगडही लाव्ह्याचाच. फरक एवढाच की त्यांनी राख कालवून वर वर रचत नेलं आणि राष्ट्रकूटांच्या कारागिरांनी डोंगराच्या माथ्यापासून खाली खाली कोरत आणलं. दोघांनाही चूक सुधारायची सोय फारशी नव्हती. पँथिऑनला किमान एक तास द्या आणि त्यातला अर्धा तास भिंतीलगत बसून ऊन कसं सरकतं ते बघा. आत जायला तिकीट आहे.

कोलोसियमबद्दल थोडक्यात. इ.स. ८० मध्ये उद्घाटन झालं. तिकीट आधी ऑनलाइन काढावं लागतं, त्यावर तुमचं नाव छापलेलं असतं आणि दारात पासपोर्ट दाखवावा लागतो. नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच लिहा, 'सौ.' वगैरे लावू नका. आतून बघितलंच पाहिजे असं मला वाटत नाही. बाहेरून एक फेरी आणि मग फोरमच्या, म्हणजे जुन्या रोमच्या मुख्य चौकाच्या, पडक्या रस्त्यांवरून सावकाश चाला.

पाण्याचा प्रश्न मी मुद्दाम विचारायला लावतो. तुम्ही पाणचक्की बघितलीय. दूरच्या झऱ्याचं पाणी जमिनीखालच्या नळांतून आणून उंचावरून सोडलंय, आणि मलिक अंबरची नहर तर तुम्ही शिकवलीच असेल. रोममध्ये त्रेवीच्या कारंज्यापाशी लोक नाणं टाकतात, फोटो काढतात, निघतात. तुम्ही विचारा, पाणी कुठलं? ते ज्या पाटानं येतं तो रोमन सेनापती अग्रिप्पानं इ.स.पूर्व १९ मध्ये बांधलेल्या पाटाचा वारस आहे. कारंजं १७६२ चं, पाण्याची वाट दोन हजार वर्षांची. रस्त्यांवर जागोजागी लोखंडी नळ सतत वाहत असतात, ते पाणी पिण्याचं आहे. शहरात असे अडीच हजारांच्या आसपास नळ आहेत. रिकामी बाटली जवळ ठेवा, पाणी विकत घेऊ नका.

पोम्पेईला नेपल्सहून लोकल जाते, तीस-चाळीस मिनिटं. सकाळी उघडतानाच पोहोचा. सावली नाही, टोपी घ्या. रोजच्या प्रवेशावर वीस हजारांची मर्यादा आहे, तिकीट आधी काढा. सरांसाठी एक चांगली सोय आहे. अँफिथिएटरच्या दारातून 'पोम्पेई सर्वांसाठी' नावाचा सपाट केलेला मार्ग निघतो, तीन किलोमीटरहून जास्त लांब, त्यावर पायऱ्या आणि उंच दगड टाळलेत. तुम्ही मात्र मधूनच बाजूच्या गल्लीत शिरा आणि एखादी बेकरी शोधा. भट्टी आणि तिच्यापुढं लाव्ह्याच्या दगडाची उभी जाती. वरचा दगड डमरूसारखा, त्यात लाकूड अडकवून गाढवाकडून किंवा गुलामांकडून फिरवायचे. आपल्याकडं जात्यावर बायका बसत आणि ओव्या म्हणत. तिथं दळण हा धंदा होता, घरचं काम नव्हतं. दोन्हीकडचा दगड सारखाच, आणि समाज किती वेगळा, हे त्या जात्यापाशी उभं राहिल्यावर कळतं. रस्त्यावर गाड्यांच्या चाकांनी पडलेले चर आहेत, पावसात ओलांडायला ठेवलेले उंच दगड आहेत, आणि कोपऱ्याकोपऱ्यावर ओट्यात रांजण पुरलेली खानावळ आहे. सबंध गावातला साधारण तिसरा हिस्सा अजून खोदलेला नाही.

चालणं सरांना अगदीच झेपणार नसेल तर पोम्पेईऐवजी त्याच उद्रेकात गाडलेलं हर्क्युलेनियम. गाव लहान, नेपल्सला जवळ, वरचे मजले आणि जळून कोळसा झालेलं लाकूडही टिकलेलं. मला स्वतःला ते जास्त आवडतं. पण भारतीय मूर्तीचं घर पोम्पेईला आहे, म्हणून तुम्हाला पोम्पेईच सांगतोय.

मूर्ती नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे, 'गुप्त दालन' म्हणतात त्या भागात. तिथं पोम्पेईतली शृंगारिक चित्रं आणि शिल्पं ठेवलीत, हे आधी माहीत असलेलं बरं. तिकीट घेतानाच दालन उघडं आहे का ते विचारा. त्याच संग्रहालयात जळून काळी पडलेली गोल पाव-भाकरी आहे, वर आठ फोडी पाडलेल्या. जाती बघून आल्यावर ती बघा, आधी नको.

माणसं कशी कळतील हा तुमचा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. काही वर्षांपूर्वी नेपल्सकडचं एक जोडपं मी वेरूळला फिरवलं, दोघंही तुमच्यासारखे शिक्षक. तिसऱ्या दिवशी म्हणाले, लेणी पुष्कळ बघितली, आता तुमचं घर बघायचंय. योगायोगानं वेळ अमावस्येचा सण होता. मी त्यांना औशाजवळ बहिणीच्या शेतात घेऊन गेलो. कडब्याची कोप, आत पांडवांची पूजा, आंबील, भज्जी, रोडगे. बाई शेतात मांडी घालून बसल्या आणि आंबिलाचे तीन पेले प्यायल्या. मग मी नेपल्सला गेलो तेव्हा त्यांनी मला घरी जेवायला बोलावलं. जेवणानंतर कपाटातून एक पेटी काढली. आत मातीच्या छोट्या छोट्या बाहुल्या: पाववाला, कोळी, धुणं धुणारी बाई, मेंढपाळ. ख्रिसमसला घरात येशूजन्माचा देखावा मांडतात, त्याला 'प्रेसेपे' म्हणतात. दर वर्षी एक-दोन नव्या बाहुल्या आणायच्या, जुन्या जपायच्या, आजीच्या बाहुल्या नातीकडं जायच्या. मी त्यांना आपल्या महालक्ष्म्यांपुढची आरास सांगितली, मुखवटे सासूकडून सुनेकडं कसे येतात ते सांगितलं. आम्हाला दोघांना एकमेकांची भाषा धड येत नव्हती, तरी ते बोलणं तासभर चाललं.

ही बाहुल्यांची गल्ली जुन्या नेपल्समध्ये आहे, सान ग्रेगोरिओ अर्मेनो. दुकानं वर्षभर उघडी असतात. कारागीर दुकानातच काम करत बसलेले असतात. तुम्ही जाताना फोनमध्ये तुमच्या घरच्या महालक्ष्म्यांचा फोटो ठेवा. दाखवा आणि गप्प राहा, पुढचं बोलणं तेच सुरू करतील. नुसतं "फोटो काढू का" विचारणाऱ्याला कारागीर रोज शंभर वेळा नाही तर हो म्हणतो. स्वतःचं काही दाखवणारा माणूस त्याला क्वचित भेटतो. साडी नेसूनच फिरा. आमच्या गटातल्या बायकांच्या पदराला चर्चमध्ये म्हाताऱ्या बायकांनी हात लावून बघितलाय, काठ उलटा करून विणकाम तपासलंय. पायात मात्र बूट हवेत. रोमचे जुने रस्ते काळ्या दगडाच्या छोट्या चौकोनी तुकड्यांचे आहेत आणि चपलेनं पाय मुरगळतो.

दुकानात शिरताना आधी "बोन्जोर्नो" म्हणा, संध्याकाळ असेल तर "बोनासेरा". न बोलता वस्तूला हात लावला तर तिथं ते उद्धटपणाचं समजतात. कुणी घरी बोलावलं तर उंबऱ्यावर "पेरमेस्सो?" म्हणायचं, म्हणजे आत येऊ का. या तीन शब्दांवर तुमचं जेमतेम इंग्रजीपेक्षा जास्त काम होईल. कॉफी काउंटरपाशी उभं राहून प्यायची, ती स्वस्त पडते. टेबलाशी बसलात की दर वाढतो, आणि जेवणाच्या बिलात माणशी बसण्याचा आकार वेगळा लागतो, तो फसवणूक नाही. नेपल्समध्ये एक जुनी रीत आहे: एक कॉफी पिऊन दोनचे पैसे द्यायचे, दुसरी कॉफी नंतर येणाऱ्या एखाद्या गरजूसाठी. आपल्याकडं उन्हाळ्यात पाणपोई घालतात, तशीच ती भावना. शक्य असेल तर एकदा तुम्हीही ठेवा.

जेवणाची काळजी तुम्ही वाटते तेवढी करू नका, पण एक गोष्ट नीट समजून घ्या. तिथल्या बऱ्याच जुन्या चीजमध्ये, पार्मिजानोमध्ये तर नक्कीच, वासराच्या पोटातलं, दूध फाडणारं रेनेट वापरतात. ते चालत नसेल तर 'मारिनारा' पिझ्झा मागवा. नावावरून मासळी वाटते, पण त्यात फक्त टोमॅटो, लसूण, ओरेगॅनो आणि तेल असतं, चीज नसतंच. टोमॅटोच्या रश्शातला पास्ता सगळीकडं मिळतो, "सेन्झा फोर्माज्जो" म्हटलं की वरून चीज घालत नाहीत. सूपमध्ये मांसाचं पाणी असू शकतं, विचारून घ्या. पोलेंता मिळाली तर खा, मक्याच्या घट्ट कण्याच त्या. रात्रीचं जेवण साडेसातच्या आत मिळत नाही, तेव्हा पिशवीत धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी असू द्या. जाता जाता सांगतो, त्यांचा टोमॅटो आणि आपली मिरची दोन्ही अमेरिका खंडातून आले. पोम्पेईतल्या खानावळीत टोमॅटो नव्हता आणि सातवाहनांच्या तेरला ठेचा नव्हता.

फ्लॉरेन्सला गेलात तर उफिझी या मोठ्या चित्रसंग्रहालयाच्या रांगेत दिवस घालवू नका. अकादेमिया नावाच्या संग्रहालयात जा. सगळे मायकेलअँजेलोच्या डेव्हिडकडं धावतात, पाच मीटरहून उंच आणि एका अखंड संगमरवरातून काढलेला. तुम्ही वाटेतच थांबा. दोन्ही बाजूंना त्याचे अर्धवट राहिलेले 'कैदी' आहेत, चार पुतळे, दगडातून निम्मे बाहेर आलेले, छिन्नीचे घाव जसेच्या तसे. अजिंठ्याचं चोविसावं लेणं असंच अपुरं आहे, आणि मी लोकांना सांगतो की कोरायची रीत शिकायची तर पूर्ण लेणं नव्हे, हे बघा. रोमला व्हॅटिकनमधल्या सिस्टीन चॅपलमध्येही, म्हणजे पोपच्या प्रार्थनागृहात, अजिंठा बरोबर न्या. तिथलं छत १५०८ ते १५१२ मध्ये ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर रंगवलं, त्यामुळं रंग गिलाव्यातच मुरला. चित्रकाराला रोज तेवढाच तुकडा लिंपून तो सुकायच्या आत रंगवावा लागे. अजिंठ्याला माती, भुसा, तंतू यांचा गिलावा, वर चुन्याचा पातळ हात, आणि तो कोरडा झाल्यावर डिंक-सरसाच्या बांधणीचा रंग. म्हणून अजिंठ्याचा रंग पापुद्र्यानं सुटतो. आपल्या चित्रांना भिंतीचा स्पर्श, फ्लॅश, श्वासाची वाफ का सोसत नाही, ते यातून समजतं. सिस्टीनमध्ये फोटोला मनाई आहे, आणि व्हॅटिकनला खांदे-गुडघे झाकलेले लागतात. साडीला अडचण नाही.

सुट्टीचे वार जुळवून घ्या, यात लोकांचे हमखास हाल होतात. नेपल्सचं संग्रहालय मंगळवारी बंद, आपल्या वेरूळसारखं. उफिझी आणि अकादेमिया सोमवारी बंद, आपल्या अजिंठ्यासारखी. व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद, फक्त महिन्याच्या शेवटच्या रविवारी उघडी आणि फुकट, पण त्या दिवशी जाऊच नका, गर्दीत काही दिसत नाही. सरकारी संग्रहालयं महिन्याच्या पहिल्या रविवारी फुकट असतात.

व्हिसासाठी अर्ज निदान दोन-अडीच महिने आधी करा. फी ९० युरो आहे आणि प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. लोकल रेल्वेचं कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात घालून शिक्का मारून घ्यायचा. आमच्या गटातल्या दोघांनी ते केलं नाही आणि दंड भरावा लागला, तिकीट खिशात असूनही. नेपल्सच्या लोकलमध्ये आणि रोमच्या मेट्रोत पाकीट मारतात. पासपोर्ट आणि पैसे साडीच्या आत शिवलेल्या पिशवीत ठेवा, पर्समध्ये फक्त त्या दिवसाचा खर्च.

कुणाच्या घरी जायचा योग आला तर काय न्यावं, हेही लोक विचारतात. तूप, पेढे, खव्याचं काही नेऊ नका. बाहेरून दूधदुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ युरोपात आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. छत्रपती संभाजीनगरला हातमागावरचा हिमरू मिळतो, त्याची एक ओढणी न्या. घडी उलगडून मागची बाजू दाखवा, सुटे धागे कसे तरंगत ठेवलेत ते दाखवा. आणि तेरच्या संग्रहालयात काढलेला एखाद्या मण्याचा किंवा मृण्मूर्तीचा फोटो फोनमध्ये असू द्या. नेपल्सच्या माणसाला सांगा की दोन हजार वर्षांपूर्वी आमचं कापड तुमच्या बाजारात येत होतं, आज मी घेऊन आलेय.